मिशी, टिकली आणि सीटबेल्ट

वॉल्ट डिस्नीला मिशी होती. बारीक, नीट कातरलेली, त्या काळच्या हॉलिवूडच्या हिरोंसारखी. या मिशीवाल्या माणसाने १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नीलँड उघडलं आणि काही वर्षांतच तिथे मिशीवाल्यांना नोकरी बंद झाली. दाढीचा तर विषयच नाही. मालक नाव लपवून मुलाखतीला गेला असता तर आधी न्हाव्याकडे जाऊन ये म्हणून परत पाठवला असता. ही बंदी उठली २००० साली. तोवर वॉल्टला जाऊन ३३ वर्षं झाली होती.

मी घणसोलीत राहतो आणि ऐरोलीच्या एका आयटी पार्कात कोड लिहितो. इतिहास माझा विषय नाही. पण जुना कोड हातात आला की आधी त्याचा चेंजलॉग उघडायची सवय लागली आहे. कुठली ओळ कधी आली, कुणी घातली, कधी काढली, का काढली. कर्मचाऱ्यांनी कसं दिसावं याच्या नियमांनाही असा चेंजलॉग असतो. मनोरंजन पार्कांचा उघडून बघितला तर त्यात दोन प्रकारच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. केस बांधा, अंगठी काढा, ओढणी नको, हा एक प्रकार. मिशी नको, नखांना रंग नको, हसत राहा, हा दुसरा. पहिल्या प्रकारची ओळ कुणी खोडल्याचं मला सापडलेलं नाही. दुसऱ्या प्रकारच्या ओळी मात्र एकेक करून खोडल्या गेल्या आहेत, आणि बऱ्याचदा त्यामागे कुणीतरी नोकरी पणाला लावून भांडलेलं आहे.

डिस्नीच्या आधीही अमेरिकेत पार्क होते. न्यूयॉर्कचं कोनी आयलंड होतं, गावोगाव हिंडणारे कार्निव्हल होते. त्यांची कीर्ती आपल्या जत्रेसारखीच, मजा खरी पण पाकीट सांभाळा. डिस्नी कोनी आयलंडला गेला तेव्हा तिथली घाण आणि उद्धट माणसं बघून वैतागला. कोपनहेगनची तिवोली बाग बघून खूश झाला, कारण ती स्वच्छ होती आणि लोक नीट बोलत होते.

आपल्याकडचा आकाशपाळणा आठवा. माहीमचा उरूस असो की गावच्या देवाची जत्रा, पाळणेवाला बनियनवर, खांद्यावर पंचा, पाळण्याच्या सांगाड्यावर माकडासारखा चढून आपल्या वजनाने तो फिरवणारा. त्याच्या कपड्यांकडे बघून कुणी विश्वास ठेवत नसे. गेल्या वर्षी पाळणा पडला नव्हता, एवढं पुरे होतं. डिस्नीला हे पुरेसं वाटलं नाही. मध्यमवर्गीय आईबापांनी पोरांना घेऊन दिवसभर यावं आणि पुन्हा यावं, तर पाळणा चालवणारा माणूसच वेगळा दिसायला हवा होता.

त्यासाठी त्याने व्हॅन फ्रान्स नावाच्या माणसाला नेमलं. हा फ्रान्स कारखान्यांतल्या कामगारांना शिकवण्यात मुरलेला होता. त्याने उभं केलेलं प्रशिक्षण पुढे 'डिस्नी युनिव्हर्सिटी' म्हणून ओळखलं गेलं. तिथली भाषा नाटकातली आहे. गिऱ्हाईक नाही, पाहुणा. युनिफॉर्म नाही, कॉस्च्युम. लोकांना दिसतो तो भाग रंगमंच, बाकीचा पडद्यामागे. आणि कर्मचारी म्हणजे नटसंचातला एक जण.

मराठी माणसाला पोशाखातला करमणुकीचा कलाकार नवा नव्हता. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस गाजली. पण सर्कशीत झगमगीत कपडे कोणाचे? झोक्यावरच्यांचे, घोड्यावरच्यांचे. तंबू ठोकणाऱ्याने काय घातलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. डिस्नीने केलेला बदल हा होता. त्याने झाडूवाल्यालाही नट म्हटलं. यात मान आहे, हे मी मान्य करतो. झाडू मारणाऱ्याला स्वच्छ पांढरे कपडे आणि नावाचा बिल्ला मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण नट झाला की त्याच्या चेहऱ्यावर दिग्दर्शकाचा हक्क येतो, तोही तासाच्या पगारात.

हसू कामाचा भाग झालं की काय होतं, यावर आर्ली होकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली पुस्तक लिहिलं. हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून त्यांनी 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. डिस्नीलँडबद्दल मला त्याहून मजेदार वाटतो तो जॉन व्हॅन मानेनचा १९९१ चा लेख. हा एमआयटीचा प्राध्यापक, पण तरुणपणी त्याने स्वतः डिस्नीलँडमध्ये राइड चालवली होती. त्याच्या लेखात राइडवरच्या पोरांच्या गुप्त युक्त्या आहेत. पाहुणा उर्मटपणे बोलला तर उलट बोलायचं नाही, कारण नोकरी जाईल. हसायचं, आणि त्याचा सीटबेल्ट जरा जास्तच आवळायचा. बिचारा राइडभर श्वास रोखून बसतो. तक्रार तरी काय करणार, की माझी सुरक्षितता जास्त झाली?

ही युक्ती वाचून मी आधी हसलो आणि मग थोडा घाबरलो. ज्या हाताने पट्टा तपासायचा, त्याच हाताने अपमानाचा हिशेबही चुकता होतो आहे.

डिस्नीच्या लोकांना हा धोका कळत नव्हता असं नाही. साठच्या दशकात डिक न्यूनिस या अधिकाऱ्याने कामाचे चार निकष क्रमाने लावले. सुरक्षितता, सौजन्य, शो, कार्यक्षमता. वरचा निकष खालच्याला हरवतो. म्हणजे राइडमधून विचित्र आवाज आला तर हसू गुंडाळून ठेवायचं आणि राइड थांबवायची. दिसणं 'शो'मध्ये येतं, तिसऱ्या नंबरवर. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या भिंतीवरच्या मूल्यांपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण आमच्या भिंतीवर सगळीच मूल्यं पहिल्या नंबरवर असतात.

आता चेंजलॉग. मिशी २०००. स्त्रियांच्या पायांत नायलॉनचे मोजे असलेच पाहिजेत ही अट गेली २०१० साली. आखूड दाढीला परवानगी २०१२. दिसणारे टॅटू आणि स्त्री-पुरुष भेद न करता केस व कॉस्च्युम निवडण्याची मुभा २०२१, आणि तेव्हाच चार निकषांत 'सर्वसमावेशकता' हा पाचवा जोडला गेला. वरवर बघता कंपनी हळूहळू मोकळी होत गेली असं वाटतं. मधल्या घटना बघितल्या की चित्र बदलतं.

१९९२ साली पॅरिसजवळ युरो डिस्नी उघडलं तेव्हा फ्रेंच युनियनांनी नियमपुस्तिकेवरूनच रान उठवलं. दाढीमिशी, केसांचा रंग, कानातल्यांचा आकार हे मालकाने ठरवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नीच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्या एका मुस्लिम तरुणीने हिजाब घालून येण्याची परवानगी मागितली. पाहुण्यांना दिसणार नाही अशा ठिकाणी काम कर, किंवा वरून टोपी घाल, असे पर्याय तिच्यापुढे ठेवले गेले. ती २०१२ साली कोर्टात गेली. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये टपाल वाटणाऱ्या एका शीख कर्मचाऱ्याला पगडी-दाढीमुळे पाहुण्यांच्या नजरेआडचेच मार्ग दिले जात. नागरी हक्कांच्या संघटना मध्ये पडल्यावर २०१५ साली त्याला सगळे मार्ग खुले झाले.

या दोन्ही प्रकरणांत पर्याय एकच होता: पडद्यामागे जा. नोकरी जात नाही, पगारही थांबत नाही. फक्त तू आमच्या चित्रात बसत नाहीस, एवढं कळवलं जातं.

आणि एक प्रकरण तर थेट पडद्यामागचंच. मिकी आणि गूफी बनणाऱ्यांना वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये पोशाखाखालचे आतले कपडेही कंपनीचेच घालावे लागत. संध्याकाळी परत करायचे, धुतल्यावर ते दुसऱ्या दिवशी भलत्याच कुणाला मिळायचे. ते नीट धुतले जात नाहीत, उवा आणि खरूज होते, अशा तक्रारी होत्या. २००१ साली टीमस्टर्स या युनियनने करारात हा मुद्दा लावून धरला, तेव्हा प्रत्येकाला आपापले कपडे मिळाले आणि घरी नेऊन धुता येऊ लागले. बाहेरून मिकी हसराच होता.

आपल्याकडे पहिलं मोठं मनोरंजन पार्क दिल्लीत झालं. १९८२ च्या एशियाडचा हत्ती अप्पू, त्याच्या नावाने १९८४ च्या नोव्हेंबरात अप्पू घर उघडलं. मुंबईत १९८९ साली सुभाष चंद्रांच्या एस्सेल ग्रुपने गोराईला एस्सेलवर्ल्ड काढलं. खाडी ओलांडून बोटीने जायचं. टीव्हीवरची जाहिरात आमच्या आधीच्या पिढीला आजही तोंडपाठ आहे. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आलं, २००९ साली त्याच परिसरात विपश्यनेचा पॅगोडा उभा राहिला. इकडे किंकाळ्या, तिकडे मौन. पुढे २०१३ च्या एप्रिलमध्ये मनमोहन शेट्टींचं इमॅजिका खोपोलीजवळ, एक्सप्रेस वेच्या कुशीत उघडलं. २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणींकडे गेलं.

या पार्कांबरोबर आपल्या भागात एक नवीन प्रकारची नोकरी आली. रंगीत टी-शर्ट, टोपी, शिट्टी, छातीवर नाव. डिस्नीलँडच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव असे, कारण वॉल्टला स्वतःलाही 'वॉल्ट'च म्हणवून घ्यायचं होतं. अमेरिकेत त्याचा अर्थ बरोबरी. आपल्याकडे त्याच बिल्ल्यामुळे वीस वर्षांचा पाहुणा पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला एकेरी हाक मारतो. दुसरीकडे, आडनाव नाही म्हणजे जात आणि गाव पहिल्या फटक्यात कळत नाही. 'शो'च्या नियमांपैकी हा एक मात्र मला मनापासून आवडतो. लोक तरीही 'ओ दादा' म्हणूनच हाक मारतात, ते वेगळं.

वॉटर पार्कांनी तर कमाल केली. त्यांनी दिसण्याचा नियम पाहुण्यालाच लावला. साडी चालत नाही, सलवार-कमीज चालत नाही, जीन्स आणि सुती बनियन चालत नाही. नायलॉन किंवा लायक्राचे कपडे हवेत, नसतील तर काउंटरवर भाड्याने घ्या. ऐकायला हे संस्कृतीवरचं आक्रमण वाटतं. कारण मात्र साधं आहे. सुती कापडाचे तंतू सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात, रंग पाण्यात उतरतो, आणि स्लाइडवरून वेगाने खाली येताना सैल पदर कुठेही अडकू शकतो. हा पक्का पहिल्या प्रकारचा नियम.

पण तो सांगायचा कोणी? गेटवर उभ्या असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने. समोर तीन पिढ्यांचं कुटुंब, मे महिन्याचं ऊन, तिकिटाचे पैसे भरून झालेले. 'काकू, साडीवर नाही जाता येणार पाण्यात.' काकूंनी आयुष्यात कधी पायघोळ नसलेलं काही घातलेलं नाही. मागे नवरा, सासरे, दीर. ती मुलगी काकूंना बाजूला घेते, पूर्ण बाह्यांचा सूट दाखवते, आतल्या सगळ्या बायका असंच घालतात म्हणून सांगते. अर्ध्या तासाने काकू स्लाइडवर ओरडत असतात. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत ज्याला प्रोफेशनलिझम म्हणतात तो बघायचा असेल तर मी या काउंटरकडे बोट दाखवीन. तिची मान ताठ आहे का, लिपस्टिक कोणत्या शेडची आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

उलटं उदाहरण अहमदाबादचं. १४ जुलै २०१९, रविवार. कांकरिया तलावाजवळच्या पार्कात लंबकासारखी झुलणारी राइड लोकांसकट तुटून खाली कोसळली. दोन जण गेले, २९ जखमी झाले. राइड चालवणाऱ्याने त्या दिवशी शर्ट खोचला होता की नाही, हे कुणी विचारलं नाही. प्रश्न होता देखभालीचा, तपासणीचा आणि सह्यांचा. भारतीय मानक ब्युरोचं राइड्सच्या सुरक्षिततेसाठी आयएस १५४७५ हे मानक आहे, वॉटर पार्कसाठी वेगळं आहे. रांगेत उभं असताना आपल्याला त्यातलं काही दिसत नाही. दिसतो तो टी-शर्ट. टी-शर्ट स्वच्छ असला की बोल्टही घट्ट असेल असं आपण धरून चालतो. पार्कवाल्यांनाही हे माहीत असतं. डिस्नीची नक्कल करताना तिसऱ्या नंबरचा निकष स्वस्तात मिळतो, पहिल्या नंबरचा महाग पडतो.

पार्कातली नोकरी बहुतेकदा हंगामी असते. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी संपली की माणसं कमी होतात. अशा नोकरीत टिकलीच्या आकारावरून कोर्टात कोण जाणार? त्यामुळे मुंबईत या विषयावरची गाजलेली लढाई पार्कात नाही, विमानात झाली.

एअर इंडियाचं मुख्यालय तेव्हा नरिमन पॉइंटला. तिच्या सेवानियमांनुसार एअर होस्टेस ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायची. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर त्याआधीच. पहिल्यांदा गरोदर राहिली तरी त्याआधीच. व्यवस्थापकीय संचालकाची मर्जी असेल तर एकेक वर्ष वाढवून ४५ पर्यंत. त्याच विमानात तसंच काम करणाऱ्या पुरुष पर्सरचं निवृत्तीचं वय ५८. यामागचा विचार १९६५ च्या एका औद्योगिक निवाड्यात स्वच्छ लिहिलेला आहे. तरुण आणि आकर्षक होस्टेस अवघड प्रवाशांना जास्त चांगलं हाताळू शकते, असा त्याचा भावार्थ. म्हणजे दिसणं हीच कार्यक्षमता, असा दावा. 'शो' तिसऱ्या नंबरवरून थेट पहिल्यावर.

होस्टेस कोर्टात गेल्या. 'एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल दिला. गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरली. संचालकाच्या मर्जीचं कलमही गेलं. तारुण्य आणि आकर्षकतेचा युक्तिवाद हा स्त्रीत्वाचा अपमान आहे, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. पण चार वर्षं लग्न नाही ही अट मात्र कोर्टाने राहू दिली, कुटुंब नियोजनाला ती पोषक आहे वगैरे कारणं देत. पुरुष पर्सर आणि होस्टेस हे वेगळे वर्ग आहेत, म्हणून हा भेदभाव नाही, असंही मान्य केलं. शाळेच्या पुस्तकात हा खटला असता तर 'महिलांचा विजय' असं एका ओळीत आलं असतं. निकाल अर्धाच त्यांच्या बाजूचा आहे.

आणि खोडलेल्या ओळी कधीकधी वेगळ्या शब्दांत परत येतात. आयटीवाल्यांकडे प्रवाह उलटा होता, इन्फोसिसने २०१५ साली रोजच्या फॉर्मल कपड्यांची सक्ती सोडली. एअर इंडियाची मात्र केबिन क्रूसाठीची नवी ग्रूमिंग नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये बातम्यांत आली. पांढरे केस रंगवायचे, पुरुषाला टक्कल पडत असेल तर डोकं पूर्ण तासायचं, साडीवर टिकली लावायची तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. टकलाचा विमानाच्या सुरक्षिततेशी काय संबंध, याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. दारू पिऊन येऊ नका, आपत्कालीन दार असं उघडा, हेही त्याच नोकरीचे नियम आहेत. नव्याने रुजू झालेल्या मुलीला दोन्ही सारख्याच गंभीर आवाजात सांगितले जातात. कुठला मोडला तर माणूस मरतो आणि कुठला मोडला तर फक्त सुपरवायझर चिडतो, हे तिला अनुभवाने शोधावं लागतं.

आमच्याकडे हा प्रश्न आता दारात आलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्यांच्या आजोबांची भातखाचरं त्या धावपट्टीखाली गेली, त्या उलवे-पनवेलकडच्या मुलामुलींना तिथे नोकऱ्या हव्या आहेत. एव्हिएशन आणि हॉस्पिटॅलिटीच्या कोर्सच्या जाहिराती जागोजागी दिसतात, आणि त्यांतल्या फोटोतला अंबाडा सगळीकडे एकाच आकाराचा. आगरी बोलणाऱ्या मुलीला तिथे आवाज मऊ करायला शिकवतील, ओठांना कुठला रंग लावायचा ते शिकवतील. नोकरी हवी तर ती हे सगळं शिकेल, आणि शिकावंच लागेल.

चेंजलॉगमधली मला सापडलेली शेवटची नोंद पार्कातली नाही, दुकानातली आहे. कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांतल्या सेल्सगर्ल्सनी दिवसभर उभंच राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी. बसलेला माणूस आळशी दिसतो, हे त्यामागचं कारण. केरळमध्ये या बायका वर्षानुवर्षं भांडल्या आणि २०१८ साली तिथल्या दुकाने कायद्यात बदल होऊन त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. २०२१ साली तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. पुढच्या वेळी खोपोलीला राइडच्या रांगेत चाळीस मिनिटं उभे असाल, तर पट्टा तपासणाऱ्या दादाच्या मागे स्टूल आहे का, तेवढं बघा.